मांजरच होतं ना?

बैल गेला की आळीतली माणसं येऊन बसतात. हिंगोली जिल्ह्यात ही रीत अजून मोडलेली नाही. ज्याचा बैल गेला तो ओसरीत मान खाली घालून बसलेला असतो. शेजारी जेसीबीवाल्याला फोन लावतो, बांधाच्या कडेला खड्डा घेतला जातो, मिठाचं पोतं येतं, घरातली बाई हळदकुंकू वाहून नमस्कार करते. पुढं पोळ्याला त्याची आठवण निघतेच. गाय गेली तर घरची लक्ष्मी गेली म्हणतात आणि त्यावर कुणी हसत नाही. मांजर गेलं तर मात्र ज्याच्या घरचं गेलं तो सांगायलाच कचरतो. सांगितलं तर ऐकणारा ‘अरारा’ म्हणतो आणि लगेच सोयाबीनच्या भावावर येतो. अगदी जवळचा असला तर समजूत घालतो, ‘मांजरच होतं ना? आमच्याकडं चार पिल्लं हायेत, एक घेऊन जा.’

यात वाईट काही नाही. ज्याला जे सुचतं ते तो बोलतो. पण या लेखासाठी ओळखीच्या घरांत विचारत गेलो तेव्हा वेगळंच काही दिसलं. विषय सांगितला की लोक आधी हसायचे. मग चहा यायचा. चहा संपेपर्यंत कुणीतरी आत जाऊन मोबाईल आणायचं आणि फोटो दाखवायचं. हळदीच्या कट्ट्यांवर बसलेलं, मोटारसायकलच्या सीटवर झोपलेलं, पोराच्या दप्तरात शिरलेलं मांजर. ‘हे गेलं.’ आणि त्यापुढं, घर कुठलंही असो, सूर तोच: माझ्यामुळं गेलं. दार लावून घेतलं म्हणून, दार उघडं ठेवलं म्हणून. गावाला गेलो म्हणून. औषध दिलं म्हणून आणि दिलं नाही म्हणूनही. बैल गेलेला माणूस असं बोलत नाही. तो रोगाला, विजेला, सापाला, नशिबाला बोल लावतो. मांजर गेलेला माणूस स्वतःलाच लावतो.

याचं मूळ जुनं असावं. मांजराच्या मरणाबद्दल आपल्या वाडवडिलांनी जे काही सांगून ठेवलंय ते बहुतेक सगळं पापाबद्दलचं आहे. शोकाबद्दल फारसं काही नाही.

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आमच्याकडच्या लेकरांनी आजीकडून ऐकलेलं असतं. आजीची ती धमकी असायची. दुधाच्या पातेल्यात तोंड घालणाऱ्या बोक्याला उलथनं फेकून मारू नये, एवढाच तिचा हेतू. समज नुसता आपला नव्हे, उत्तरेतही तोच आहे. हिंदीतले भगवतीचरण वर्मा यांची ‘प्रायश्चित्त’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. सुनेच्या हातून मांजर मेलं म्हणून पंडिताला बोलावतात, किती तोळ्यांचं मांजर करायचं यावर घासाघीस सुरू होते, यादी वाढत जाते आणि शेवटी मेलेलं समजलेलं मांजर उठून पळून जातं. वर्मांनी भटजीची आणि घरच्यांची दोघांचीही फजिती केली आहे. पण या साऱ्या गोष्टीत मांजराबद्दल वाईट कुणालाच वाटत नाही. चिंता असते ती पापाची आणि सोन्याची.

मराठीत याच्या फार पुढं गेलेली एक गोष्ट आहे. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यात पंढरीच्या राका कुंभाराची कथा येते. राकानं कच्ची मडकी आव्यात रचली. त्यातल्या एका मडक्यात मांजरीनं पिल्लं घातली होती, ते ध्यानात न येता आवा पेटवला गेला. आग चढल्यावर मांजर आली आणि आव्याभोवती ओरडत फिरू लागली. तेव्हा त्याला कळलं. आता आग विझवूनही उपयोग नव्हता. नवराबायकोनं अन्नपाणी टाकलं, विठ्ठलाचा धावा केला. पिल्लं जगली तर घरदार लुटवून टाकीन, असं राका बोलून बसला. आवा निवला, मडकी काढली, तर एक मडकं कच्चंच राहिलेलं आणि आत पिल्लं जिवंत. राकानं शब्द पाळला, संसार लोकांना लुटू दिला आणि रानातल्या काटक्या गोळा करून पोट भरू लागला.

कीर्तनात ही कथा ऐकताना हायसं वाटतं, कारण पिल्लं वाचतात. नसती वाचली तर राकानं काय केलं असतं, हे महिपती सांगत नाहीत. भक्तिकथेत तशी सोय नसते. पण आमच्याकडच्या कितीतरी घरांची गत नेमकी ती आहे. आवा निवला आणि पिल्लं वाचली नाहीत. विठ्ठलाला बोललेला नवस फेडायचा प्रश्न नाही आणि मनातली आव्याभोवतीची ती मांजर काही गप्प बसत नाही.

हिंगोलीकरांना प्राण्यांच्या संतकथा तोंडपाठ असायचं कारणही आहे. कयाधूच्या काठचं नरसी हे वारकऱ्यांच्या लेखी नामदेवांचं जन्मगाव. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नको बाबा म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावणारे नामदेव इथल्या भिंतींवरच्या चित्रांतून भेटतात. बादशहानं आव्हान दिल्यावर मेलेली गाय उठवल्याची त्यांची कथा गुरू ग्रंथसाहिबातही आली आहे. ज्या गावचा माणूस कुत्र्याच्या भाकरीवर तूप वाढायला धावला, त्या गावच्या शेजारीपाजारी मांजरासाठी रडणाऱ्याला हसतात, हे मला खटकतं. पण खटकून काय होणार? कुत्र्याचं आणि मांजराचं आपल्याकडं बरोबरीचं स्थान कधीच नव्हतं.

महाराष्ट्रात जनावरांच्या समाध्या आहेत. जुन्नर तालुक्यात आळे इथं ज्ञानेश्वरांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी आहे, तिथं यात्रा भरते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं म्हणतात. रायगडावरच्या वाघ्याचा चौथरा 1936 चा. तो ठेवावा की काढावा यावर 2025 मध्ये पुन्हा रान उठलं. रेडा वेद बोलला, कुत्र्यांनी इमान राखलं. मांजराच्या नावावर अशी काही कामगिरी जमा नाही. ते कुणाला वाघापासून वाचवत नाही, वाघाची मावशी म्हणवून घेण्यावरच त्याचं भागतं. त्याच्यासाठी रडायचं तर कारण काय सांगायचं? दुपारी पोटावर येऊन झोपायचं, हे काही चौथरा बांधण्याजोगं कारण नव्हे.

वसमत, कळमनुरी, हिंगोली, औंढा या गावांतल्या मुस्लीम घरांत मांजराला थोडा वरचा पाट मिळतो, हे मात्र सांगायला हवं. मांजर नापाक नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, अशी हदीस आहे आणि ती सांगताना वजूच्या पाण्याचं भांडं मांजरासमोर कलतं करणाऱ्या अबू कतादा यांचा प्रसंग सांगितला जातो. पैगंबरांचे एक सोबती तर अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप, याच नावानं ओळखले जातात. तिथंही पापाची गोष्ट आहेच. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची. पण तिच्या जोडीला मायेच्या गोष्टीही आहेत आणि त्या रोजच्या बोलण्यात येतात.

आता त्या ‘माझ्यामुळं’ची जरा शहानिशा करू.

आमच्याकडं मांजर कुणी विकत आणत नाही. ती येते. माळवदाच्या जुन्या घरात, हळदीच्या कट्ट्यांमागं, सोयाबीनच्या थप्पीत उंदीर असतात, म्हणून ती टिकते. गुरांचा दवाखाना असतो तो गुरांसाठी. 1962 वर फोन केला तर फिरता दवाखाना दारात येतो तोही मुख्यतः गाईम्हशींसाठी. मांजर घेऊन दवाखान्यात जाणारा माणूस पिशवी काखेत दाबून, ओळखीचं कुणी बघत नाही ना याची खात्री करून आत शिरतो. मोठा आजार असला तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. हिंगोली 1 मे 1999 ला परभणीपासून वेगळा जिल्हा झाला, पण अशा कामांसाठी परभणीची वाट सुटलेली नाही. त्यामुळं बहुतेक मांजरं कशानं गेली ते कळतच नाही. आणि कळलं नाही की मन उरलेली जागा अपराधानं भरून काढतं.

जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर कारणं तीचतीच निघतात. पिल्लं एकामागून एक दोन दिवसांत मरतात, उलट्या, जुलाब, मान टाकणं, तेव्हा लोक नजर लागली म्हणतात किंवा बोक्यानं मारली म्हणतात. बहुतेकदा तो पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूचा आजार असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीच तो संपवतो. त्याच्यावर लस आहे, सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली टोचतात आणि चार महिन्यांचं होईपर्यंत पुढच्या. पण मांजराला लस असते हेच कितीकांना माहीत नसतं. ज्याला माहीत नव्हतं त्याचा काय दोष?

दुसरं कारण अधिक जिव्हारी लागणारं आहे, कारण ते मायेपोटी घडतं. मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी दुधातून द्यायची. माणसाला जी गोळी किराणा दुकानातही मिळते ती मांजराला मारते. ते औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पाय सुजतात. एक गोळी पुरते. गुरांच्या गोचिडांवर फवारायचं औषध मांजराच्या अंगाला लावलं तर असाच घात होतो. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची द्रव्यं बैल सहज सोसतो, मांजराला झटके येतात. तिसरं, उंदराचं औषध. भरड्यात कालवलेल्या झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर त्याचं रक्त गोठेनासं होतं, आणि ते लगेच नव्हे, तीनचार दिवसांनी दिसतं. तेवढ्या वेळात डॉक्टरकडं पोचलं तर के जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी ते वाचू शकतं. म्हणून वावरात औषध टाकलं असेल तर शेजाऱ्याला सांगावं. आमच्याकडं बांधावरून भांडण असलं तर ते सांगितलं जात नाही.

आणि रेबीज. नंतर मेलेल्या किंवा आजारी मांजरानं चावलं, ओरबाडलं असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुऊन सरकारी दवाखान्यात लस घ्यावी, दुःख नंतर करावं. हे कोरडं वाटेल, पण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

उरलेली मरणं म्हातारपणाची. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं हळूहळू जातात. ते जास्त पाणी पितं, वाळत जातं आणि एक दिवस अडगळीत जाऊन बसतं. ‘मरताना मांजर घर सोडतं, धन्याला त्रास देत नाही’ असं लोक म्हणतात. ऐकायला गोड आहे. खरं कारण एवढंच की एकट्यानं शिकार करणारं आणि स्वतःही कुणाची शिकार होऊ शकणारं हे जनावर दुखणं लपवतं. अशक्त झालं की ते अंधारी, बंदिस्त जागा शोधतं. त्यात रुसवा नसतो आणि त्यागही नसतो.

आमच्या वसमतच्या घरची बगळी अशीच गेली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहते. मी पुण्यात, बहीण नांदेडला. बगळी पांढरी होती, पण वर्षातून दीडएक महिना पिवळी असायची. फेब्रुवारी-मार्चला वसमतेत हळद शिजते. कुकरमधून काढलेली गरम हळकुंडं वावरात, अंगणात, रिकाम्या प्लॉटांवर वाळत पडतात आणि हवेलाच तो मातकट, कडसर वास येतो. (2024 मध्ये या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वासाचं मानांकन कुणी मागितलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं होतं.) शेजाऱ्यांची हळद आमच्या अंगणात पसरलेली असायची. दिवस मावळला की ताडपत्रीवरच्या त्या उबदार थरावर बगळी लोळायची. पंजे, पोट, मिशांची टोकं सगळं पिवळं. मग ती घरात यायची. पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर ठसे, फरशीवर ठसे, आईनं तपासायला घेतलेल्या शिकवणीच्या वह्यांवर ठसे. एका पोराच्या वहीत भूमितीच्या आकृतीवर पंजा उमटला होता. आईनं त्याच्याखाली लाल शाईनं सही केली होती.

आमचे व्हिडिओ कॉल खरं तर बगळीलाच असायचे. आई फोन तिच्याकडं धरायची, आम्ही तिला हाका मारायचो, ती कॅमेऱ्याकडं पाठ करायची, आणि मग आम्ही आईला विचारायचो, जेवलीस का. श्रावणात बगळी दिसेनाशी झाली. आई म्हणायची, ‘हिंडायला गेलीय.’ पुढच्या वेळी, ‘माळवदावर बसलीय, पाऊस उघडला ना.’ बहिणीच्या ध्यानात आलं. कॉलमध्ये आईच्या मागचं परसदार लावलेलं दिसत होतं. बगळी असताना ते बोटभर उघडं असायचं, डास आले तरी.

आई का बोलली नाही हे विचारायची गरज पडली नाही. सांगितलं असतं तर आळीभर झालं असतं आणि ‘मांजरच होतं ना’ हे दहा तोंडांतून ऐकावं लागलं असतं. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखांवर पुस्तकच संपादित केलं. समाज ज्याला दुःख मानत नाही, ज्याला सुतक नाही, रजा नाही, भेटायला येणारं कुणी नाही, ते दुःख. त्यांच्यासमोर मुख्यतः माणसांच्या मरणांची उदाहरणं होती. पण वर्णन परसदारापर्यंत लागू पडतं.

आईला खात होती ती वेगळीच गोष्ट. नांदेडला लग्नाला म्हणून ती दोन दिवस गेली होती. परत आली तर बगळी कट्ट्यांमागं शिरलेली, हाक मारली तरी बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी गेली. मी गेले नसते तर, एवढंच आईचं चाललं होतं. शेवटी बहिणीनं एका पशुवैद्याला फोन लावून दिला. त्यांनी वय विचारलं, पाणी किती प्यायची विचारलं, कधीपासून वाळली विचारलं. मग सांगितलं की हे मूत्रपिंडाचं आहे, आणि ते दोन दिवसांत होत नाही, कित्येक महिने चालू असतं. तुम्ही घरी असतात तरी फार तर तिची तहान कळली असती. आई गप्प झाली. नंतर बहिणीला म्हणाली, माणसाला डॉक्टर सर्टिफिकेट देतात कशानं गेलं त्याचं, तसं हे झालं. मला वाटतं, साऱ्या सांत्वनांत कामाला आलं ते एवढंच.

पुरण्याचं काम तिनं कुणाला न सांगता उरकलं होतं, पण एकटीनं जमणारं ते नव्हतं. श्रावणातली काळी माती पावसानं लोण्यासारखी होते, कुदळीला चिकटते, निघत नाही. समोरच्या घरातलं कॉलेजातलं पोरगं आलं आणि परसातल्या लिंबाखाली त्यानं मांडीएवढा खोल खड्डा केला. कमी खोल चालत नाही, कुत्री उकरतात. आईनं तिला आपल्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलं, खाली खडेमीठ, वर मूठभर हळद. हळद का, हे तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. माती लोटल्यावर वर बाभळीच्या काट्या आणि फरशीचा तुकडा. पोरानं हातपाय धुतले, आईनं त्याला चहा दिला. तो बिचारा काय बोलावं ते न सुचून म्हणाला, ‘मॅडम, लई ग्वाड होती.’ आईला ते पुरलं.

परसात जागा असणं ही केवढी श्रीमंती आहे हे मुंबईच्या मराठी माणसाला विचारावं. तिथं मांजर गेलं की पहिला प्रश्न जागेचा. परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल, म्हणजे मुंबईकरांचं बैलघोडा, 1883 पासून जनावरांवर उपचार करतं. पण गेलेल्या मांजराचं पुढं काय, याला महापालिकेनं सप्टेंबर 2023 मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली तेव्हा कुठं सरकारी उत्तर मिळालं. ती पाइपच्या गॅसवर चालते. त्याआधी लोक काय करत होते ते ऐकवत नाही.

मांजराच्या शोकाला ज्या समाजानं रीत दिली तो इजिप्तचा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की घरातलं मांजर आपसूक मेलं तर घरातली सगळी माणसं भुवया भादरत. कुत्रं मेलं तर डोकं आणि सर्वांग. (तिथंही कुत्रं वरचढ!) मेलेली मांजरं बुबास्टिस गावी नेऊन, मसाले भरून पुरत. भुवया नसलेला माणूस रस्त्यात दिसला की समोरच्याला काही विचारावंच लागत नसणार. पुढचं मात्र ऐकण्यासारखं आहे. 1890 मध्ये मांजरांच्या ममींचा साडेएकोणीस टनांचा माल इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला उतरला आणि शेतात टाकायचं खत म्हणून विकला गेला. कुण्या घरच्यांनी भुवया भादरून पाठवलेली मांजरं इंग्रजांच्या शेतांत गेली. बगळीनं लिंबाला खत झालेलं मला चालेल. पण त्याचा लिलाव नको.

घरात दुसरं मांजर असलं तर त्याचं काय होतं? ते शोधत फिरतं, ओरडतं, खात नाही, असं लोक सांगतात. 2024 मध्ये मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठातल्या दोन संशोधक बायांनी चारशेहून अधिक मांजरपाळ्यांना हेच विचारलं. सोबतीचं जनावर गेल्यावर मांजराचं झोपणं, खाणं, खेळणं कमी झालं, ते माणसाला जास्त चिकटू लागलं, अशी उत्तरं आली; सोबत जितकी जुनी आणि घट्ट तितका हा बदल जास्त. पण मालक स्वतः जितका खचलेला तितकं त्याला मांजरही खचलेलं दिसत होतं, हेही त्यांनी नोंदवलंय. म्हणजे आपलंच दुःख आपण मांजरात बघतो की काय, हा प्रश्न उरतो. मला तो सोडवायची घाई नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त आई गेल्यावर तिच्या लाडक्या मांजरीनं अन्न सोडल्याचं आणि तीही गेल्याचं वाचताना कुठल्याही मराठी पोरानं पुरावा मागितलेला नाही.

आता त्या चार पिल्लांच्या सल्ल्याकडं येतो. ‘दुसरं आण’ हे सांत्वन म्हणून ठीकच, पण पिल्लू जुलाब-उलट्यांनी गेलं असेल तर ते धोक्याचं आहे. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो. फिनेलनं तो मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचनं मरतो. अशा घरात बिनलशीचं पिल्लू आणलं की तेही आठवड्यात जातं. मग घरातली पोरं म्हणतात, आपल्या घराला मांजर लाभत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका घरात हे वाक्य इतकं रुजलं की सुनेनं माहेरून आणलेलं पिल्लू सासूनं परत पाठवलं. लाभण्याचा प्रश्नच नव्हता. फरशी धुण्याचा आणि लशीचा होता.

लेकरांपाशी खोटं बोलू नये असंही मला वाटतं. मामाच्या गावाला गेली, हे ऐकलेलं पोर सुट्टीत मामाच्या गावी गेलं की घरभर शोधतं. खड्डा त्याला दाखवावा, माती टाकू द्यावी, रडू द्यावं. बैलाच्या वेळी आपण पोरांना हाकलत नाही, मग मांजराच्या वेळी का?

भाद्रपदात पितृपक्ष आला. वडिलांच्या तिथीला गुरुजी येऊन गेले, पानं मांडली गेली. गाईचा घास, कुत्र्याचा घास, कावळ्याचा, मुंग्यांचा. या वाटणीत मांजराला वाटा नाही. गावात कुणाचंच पान ज्याच्या तोंडातून सुटत नाही त्याला शास्त्रानं यादीतून वगळलं, ही मला पूर्वीपासून गंमत वाटते. आईनं लिंबाखालच्या फरशीवर थोडी खीर आणि वडा ठेवला. जाताजाता गुरुजींच्या नजरेला ते आलं. म्हणाले, बाई, याला आधार नाही. आई म्हणाली, आधार नसंल, पण दरवर्षी कावळ्याच्या आधी तीच खायची.

यंदा कावळ्याच्या आधी आळीतला तांबडा बोका येऊन खीर संपवून गेला. कान फाटलेला, कुणाचाच नसलेला. तेव्हापासून तो रोज येतो. आई म्हणते, मी काही त्याला पाळलेलं नाही. पण परवा तिनंच फोन केला. वसमतेत मांजराची लस कुठं मिळेल, आणि असल्या दांडग्या बोक्याला पिशवीत घालायचं कसं, हे तिला हवं होतं. मी सांगितलं, उशीचा अभ्रा वापर. म्हणाली, अभ्रे सगळे पिवळे झालेत, चांगला एक पाठवून दे.